महाराष्ट्र आणि केरळ: लोकसंख्यावाढीचे दर तक्त्यावरून आणि आलेखावरून कसे ताडून पाहायचे?

वऱ्हाडी_गणित (धागाकर्ती)

नववी-दहावीसाठी 'बदलाचा दर' या विषयावर दोन तासिकांचा पाठ तयार करते आहे. पाण्याची टाकी भरण्याची काल्पनिक उदाहरणं टाळून जनगणनेचे खरे आकडे घेतले आहेत. आकडे लाखांत:

| वर्ष | महाराष्ट्र | दशकातली वाढ | टक्के | केरळ | दशकातली वाढ | टक्के |
|---|---|---|---|---|---|---|
| १९६१ | ३९५.५ | – | – | १६९.० | – | – |
| १९७१ | ५०४.१ | १०८.६ | २७.४५ | २१३.५ | ४४.४ | २६.२९ |
| १९८१ | ६२७.८ | १२३.७ | २४.५४ | २५४.५ | ४१.१ | १९.२४ |
| १९९१ | ७८९.४ | १६१.५ | २५.७३ | २९१.० | ३६.४ | १४.३२ |
| २००१ | ९६८.८ | १७९.४ | २२.७३ | ३१८.४ | २७.४ | ९.४३ |
| २०११ | ११२३.७ | १५५.० | १५.९९ | ३३४.१ | १५.६ | ४.९१ |

मुलं हमखास विचारतील असे तीन प्रश्न:

१. १९६१–७१ मध्ये दोन्ही राज्यांची टक्केवारी जवळजवळ सारखी आहे, पण आलेखात महाराष्ट्राची रेघ कितीतरी जास्त उभी दिसते. मग दर सारखा म्हणायचा की वेगळा?
२. २००१ पर्यंत महाराष्ट्राची रेघ दर दशकात आणखी उभी होत जाते, पण टक्केवारीचा कल मात्र उतरता आहे. हे एकाच वेळी कसं शक्य आहे?
३. आलेख कागदावर चढ मोजायला लावायचा तर कोणतं प्रमाण घ्यावं?

---

लघुगणक

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. तुमच्या तक्त्यात दोन वेगळे दर शेजारी शेजारी बसले आहेत आणि साधा आलेख त्यांतला एकच दाखवतो.

पहिला दर: वाढ भागिले वर्षं. १९६१–७१ मध्ये महाराष्ट्र वर्षाला सरासरी १०.८६ लाख, केरळ ४.४४ लाख. एकक 'लाख प्रति वर्ष'. साध्या आलेखावरचा चढ म्हणजे हाच दर, म्हणून महाराष्ट्राची रेघ २.४४ पट उभी दिसते.

दुसरा दर: वाढ भागिले सुरुवातीची लोकसंख्या, आणि ते पुन्हा वर्षांवर आणलेलं. एकक 'टक्के प्रति वर्ष'. हा साध्या आलेखावर डोळ्यांना दिसतच नाही, कारण त्यासाठी प्रत्येक बिंदूपाशी चढाला त्या बिंदूच्या उंचीने भागावं लागतं.

आता दुसरा प्रश्न. १९७१–८१ मध्ये महाराष्ट्राची वाढ ५०४ लाखांवर १२३.७, म्हणजे २४.५४ टक्के. १९९१–२००१ मध्ये ७८९ लाखांवर १७९.४, म्हणजे २२.७३ टक्के. वरचा आकडा १.४५ पट झाला, खालचा १.५७ पट. छेद जास्त वेगाने वाढला म्हणून भागाकार उतरला. मुलांना हा भागाकार स्वतः करू द्या. 'पायाही वाढला' एवढं नुसतं तोंडी सांगून ते डोक्यात बसत नाही.

केरळची गोष्ट निराळी आहे. तिथे टक्केवारी तर उतरतेच, शिवाय दशकातली प्रत्यक्ष वाढही ४४.४ पासून १५.६ पर्यंत दर वेळी कमी झाली आहे. त्यामुळे केरळची रेघ साध्या आलेखावरही खाली वाकताना दिसते. महाराष्ट्राची रेघ २००१ नंतर प्रथमच वाकली. ही दोन राज्यं शेजारी घेण्यातला खरा फायदा हाच आहे, निवड उत्तम.

---

मोजपट्टी

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. शाळेतल्या आलेख कागदावर हे प्रमाण बसतं:

आडवा अक्ष: १ सेंमी = ५ वर्षं. १९६१ ते २०११ साठी १० सेंमी.
उभा अक्ष: १ सेंमी = १०० लाख, शून्यापासून. १२ सेंमी पुरतात.

चढ काढताना सेंमी भागिले सेंमी करू देऊ नका. आधी दोन्ही टोकांच्या किमती अक्षांवरून वाचायच्या, त्या एककांसह लिहायच्या, मग भागायचं. १९९१–२००१ साठी: (९६९ − ७८९) लाख ÷ १० वर्षं = १८ लाख प्रति वर्ष. तक्त्यावरून १७.९४ येतं, म्हणजे वाचन चांगलं झालं.

कोन मोजण्याचा मोह मुलांना फार होतो. तो करू द्या आणि लगेच मोडा. वरच्या प्रमाणात या दशकाची रेघ २ सेंमी आडवी, १.७९ सेंमी उभी जाते. कोन सुमारे ४२ अंश. उभं प्रमाण १ सेंमी = ५० लाख केलं की तीच रेघ सुमारे ६१ अंशांची होते. लोकसंख्या तीच, दर तोच. म्हणून दोन वेगळ्या कागदांवरच्या रेघांचा 'उभेपणा' नजरेने ताडणं व्यर्थ आहे. आधी दोन्ही अक्षांची प्रमाणं एक आहेत का ते पाहायचं.

आणखी एक अडचण आधीच सांगून ठेवतो. १ सेंमी = १०० लाख या प्रमाणात १ मिमी = १० लाख. केरळची २००१–११ मधली वाढ १५.६ लाख, म्हणजे कागदावर दीड मिलिमीटरच्या आसपास. प्रत्येक टोक अर्ध्या मिमीने चुकीचं वाचलं गेलं तर वाढीत १० लाखांपर्यंत चूक येते. काढलेला दर वर्षाला अर्ध्या लाखापासून अडीच लाखांपर्यंत काहीही येईल. वर्गात चाळीस मुलांची चाळीस उत्तरं येतील आणि सगळ्यांनी काम नीट केलेलं असेल. असा सपाट भाग आला की आलेखावरून आकार वाचायचा, आकडा तक्त्यातूनच घ्यायचा. केरळसाठी वेगळा आलेख हवाच असेल तर १ सेंमी = २५ लाख घ्या, पण मग तो महाराष्ट्राच्या कागदाशेजारी ठेवून नजरेने तुलना करायची नाही.

---

वऱ्हाडी_गणित

कोनाची कृती लगेच घेते. एक शंका: माझ्या तक्त्यात ३३४.१ − ३१८.४ केलं तर १५.७ येतं, रकान्यात १५.६ आहे. महाराष्ट्रातही शेवटच्या ओळीत १५४.९ आणि १५५.० असा फरक पडतो. मुलं पकडतील.

---

मोजपट्टी

पकडू देत, रकाना बरोबर आहे. पूर्ण आकडे असे: केरळ २००१ ला ३,१८,४१,३७४ आणि २०११ ला ३,३४,०६,०६१. वजाबाकी १५,६४,६८७, म्हणून १५.६. आधी वजाबाकी, पूर्णांकन शेवटी. लोकसंख्येत ०.१ लाखाची चूक किरकोळ, म्हणजे ०.०३ टक्के, पण तीच वाढीच्या आकड्यात ०.६ टक्क्यांची होते. दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी आली की हे होणारच. दर काढायचा असेल तर मूळ आकडे पूर्ण ठेवा.

---

तिरकीरेघ

संगणकावर करणाऱ्यांसाठी. एक्सेल असो वा लिबरऑफिस कॅल्क, तक्त्यातून 'लाइन' चार्ट काढू नका, 'एक्सवाय स्कॅटर' घ्या आणि बिंदू सरळ रेघांनी जोडा. लाइन चार्ट वर्षांना नुसती लेबलं समजतो आणि सगळ्या ओळी समान अंतरावर मांडतो. दर दहा वर्षांचे आकडे आहेत तोवर फरक कळत नाही. मधलं एक वर्ष गाळलं किंवा अंतर बदललं की चढ चुकतो आणि प्रोग्राम काही सूचनाही देत नाही.

मांडणी: ए रकान्यात वर्ष, बी मध्ये लोकसंख्या, पहिली ओळ शीर्षकाची. मग तिसऱ्या ओळीत

सी३: = (बी३ − बी२) ÷ (ए३ − ए२) → लाख प्रति वर्ष
डी३: = (बी३ ÷ बी२) चा घात [१ ÷ (ए३ − ए२)], वजा १ → टक्के प्रति वर्ष, चक्रवाढ पद्धतीने

आणि खाली ओढा. छेदात १० हा आकडा हाताने लिहू नका, वर्षांची वजाबाकीच ठेवा.

डी रकाना चक्रवाढ पद्धतीने का? २२.७३ ला नुसतं १० ने भागलं तर २.२७ येतं, पण दरवर्षी २.२७ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांत २५ टक्क्यांच्या वर जाते. योग्य वार्षिक दर २.०७ टक्के. २००१–११ साठी महाराष्ट्र १.४९ टक्के, केरळ ०.४८ टक्के. केरळसारख्या लहान दरात दोन्ही रीती जवळजवळ एकच उत्तर देतात, मोठ्या दरात अंतर पडतं.

संकेतस्थळावरून आकडे चिकटवलेत तर स्वल्पविराम काढा. काही वेळा आकडा मजकूर म्हणून बसतो. चौकटीत डावीकडे चिकटलेला दिसला की समजायचं, मग आलेखात तो बिंदू शून्यावर जातो किंवा गायब होतो.

---

लघुगणक

टक्केवारीचा दर थेट डोळ्यांना दिसावा असं वाटत असेल तर उभा अक्ष लॉग घ्या. तिथे सारखं अंतर म्हणजे सारखी पट, त्यामुळे रेघेचा चढ हाच टक्केवारीचा दर दाखवतो. सेमी-लॉग कागद सगळीकडे मिळत नाही. नसेल तर आकड्यांचे लॉग काढून साध्या कागदावर मांडा. दहाच्या पायाचे लॉग (१० चा कितवा घात घेतला की तो आकडा येतो ते), आकडे लाखांत धरून:

महाराष्ट्र: २.५९७, २.७०३, २.७९८, २.८९७, २.९८६, ३.०५१
केरळ: २.२२८, २.३२९, २.४०६, २.४६४, २.५०३, २.५२४

उभा अक्ष २.२ पासून ३.१ पर्यंत, १ सेंमी = ०.१. नऊ सेंमीत बसतं.

१९६१–७१ मध्ये महाराष्ट्राची रेघ १.०५ सेंमी चढते, केरळची १.०१ सेंमी. जवळजवळ समांतर! तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुलांना असं दिसलं की वेगळं समजवावं लागणार नाही. २००१–११ मध्ये त्याच रेघा ०.६४ आणि ०.२१ सेंमी चढतात, म्हणजे मधल्या चाळीस वर्षांत दोघींमध्ये केवढी फारकत झाली ते कळतं. महाराष्ट्राच्या लॉग-रेघेत १९८१–९१ मध्ये बारीकसा चढाव आहे, ०.९५ वरून ०.९९. साध्या आलेखावर हा खड्डा-उंचवटा शोधूनही सापडत नाही.

लॉग-चढावरून वार्षिक दर: दहा वर्षांत ०.१ ची वाढ म्हणजे वर्षाला ०.०१, आणि १० चा ०.०१ वा घात १.०२३३. म्हणजे २.३३ टक्के. एवढा एक आकडा लक्षात राहिला तर बाकीचे अंदाजाने वाचता येतात.

लॉग अक्षाला शून्य नसतं. एक्सेलमध्ये लॉगॅरिदमिक स्केलवर खूण केल्यावर अक्ष १ पासून सुरू होऊन दोन्ही रेघा वरच्या टोकाला दाटतात. किमान मर्यादा १०० द्या.

---

घाटमाथा

लॉग नववीला जड जाईल. त्याऐवजी १९६१ = १०० धरून निर्देशांक काढले तर चालेल का?

महाराष्ट्र: १००, १२७.५, १५८.७, १९९.६, २४४.९, २८४.१
केरळ: १००, १२६.३, १५०.६, १७२.१, १८८.४, १९७.६

एकाच बिंदूतून दोन रेघा निघतात आणि फाकत जातात. पाहायला सोपं आहे.

---

लघुगणक

सुरुवातीपासून एकूण किती पट झाली हे पाहायला उत्तम. पन्नास वर्षांत महाराष्ट्र २.८४ पट, केरळ १.९८ पट, हे त्यावरून लगेच सांगता येतं. पण एका दशकाचा दर त्यावरून वाचायचा झाला तर पहिलं दशक सोडून फसगत होते. महाराष्ट्राचा निर्देशांक १९९१–२००१ मध्ये ४५.३ अंकांनी चढला, टक्केवारी मात्र २२.७३ होती; कारण ४५.३ ला १०० ने नव्हे, १९९.६ ने भागायला हवं. शिवाय पाया बदलला की चित्र बदलतं. २००१ = १०० धरलं तर १९६१ चा महाराष्ट्र ४०.८ वर आणि केरळ ५३.१ वर जातो, आणि रेघा आता २००१ पाशी मिळतात. दोन्ही आलेख खरे. पाया कोणता ते शीर्षकात ठळक लिहा.

डावीकडे महाराष्ट्राचा आणि उजवीकडे केरळचा असे दोन उभे अक्ष मात्र अजिबात वापरू नका. तिथे रेघा कुठे छेदतात आणि कोणती जास्त उभी दिसते हे पूर्णपणे अक्ष आखणाऱ्याच्या हातात असतं. वर्तमानपत्री आलेखांत हे सर्रास दिसतं आणि वाचक छेदबिंदूला अर्थ चिकटवतात.

---

सांगलीकर

सगळे छेदात १० वर्षं धरत आहेत. ते तपासून घ्या.

१९६१ ची जनगणना १ मार्चच्या संदर्भाने आहे (म्हणजे त्या दिवशीची लोकसंख्या धरून), १९७१ ची १ एप्रिलच्या, आणि १९८१ पासून २०११ पर्यंत पुन्हा १ मार्च. म्हणजे पहिलं अंतर दहा वर्षं एक महिना आणि दुसरं नऊ वर्षं अकरा महिने. महाराष्ट्राचा वार्षिक दर १९६१–७१ साठी २.४६ ऐवजी २.४३ आणि १९७१–८१ साठी २.२२ ऐवजी २.२४ होतो. शाळेत एवढं लागत नाही, पण दोन दशकांच्या दरांमधलं अंतर यामुळे सुमारे एक-षष्ठांशाने घटतं. 'दर किती घसरला' हाच प्रश्न असेल तर हे दुर्लक्षून चालणार नाही.

गोव्याचा तक्ता करणाऱ्यांनी जास्तच जपावं. १९६१ समोर छापला जाणारा ५,८९,९९७ हा आकडा पोर्तुगीज राजवटीतल्या १९६० च्या गणनेचा आहे. मुक्ती डिसेंबर १९६१ ची. १९७१ चा आकडा ७,९५,१२०. मधलं अंतर सव्वादहा वर्षांहून जास्त. ३४.७७ टक्के वाढ दहा वर्षांवर पसरली तर वार्षिक ३.०३ येते, खऱ्या अंतरावर २.९५ पेक्षा जास्त येत नाही.

आता सर्वांत मोठी अडचण. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या गणनेचा संदर्भ दिनांक देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ जाहीर झाला आहे. म्हणजे २०११ पासूनचं अंतर १६ वर्षं. समजा महाराष्ट्राचा वार्षिक दर २००१–११ चाच, १.४९ टक्के, जसाच्या तसा राहिला. तरी १६ वर्षांची वाढ २६.८ टक्के दिसेल. ती १५.९९ च्या खाली छापली की पाहणारा म्हणणार, वाढ भलतीच झाली! केरळचं तसंच गणित ४.९१ खाली ८.० देईल. त्यामुळे नव्या ओळीसाठी 'दशकातली वाढ, टक्के' हा रकाना निरुपयोगी आहे. आजच तक्त्यात वार्षिक दराचा रकाना घालून ठेवा. वर तिरकीरेघ यांनी लाइन चार्टबद्दल सांगितलं ते इथे लागू होतं: २०११ आणि २०२७ मधलं अंतर तो दहा वर्षांएवढंच काढणार आणि शेवटचा तुकडा १.६ पट उभा दिसणार.

---

तिरकीरेघ

+१. म्हणूनच छेदात वर्षांची वजाबाकी ठेवायला सांगितलं. वर्षाऐवजी पूर्ण तारीख घातली तर दिवस येतात, त्यांना ३६५.२५ ने भागा.

---

वऱ्हाडी_गणित

सांगलीकर, १६ वर्षांचं उदाहरण तर दुसऱ्या तासिकेचा शेवटचा प्रश्न म्हणूनच ठेवते.

आणखी दोन शंका. दर दशकाचा वार्षिक दर काढून त्या दरांचाच आलेख काढायचा असेल तर १.४९ टक्के हा बिंदू २०११ वर मांडायचा का? आणि 'नेमका १९९१ मध्ये दर किती' असं विचारलं तर?

---

मोजपट्टी

२०११ वर नाही. तो दर २००१ ते २०११ या पूर्ण पट्ट्याचा सरासरी आहे. बिंदू मांडायचा तर मध्यावर, २००६ वर. त्याहून चांगलं म्हणजे त्या दहा वर्षांवर एक सपाट आडवी रेघ काढायची, पायऱ्यांसारखा आलेख होतो. टोकाला बिंदू मांडला की सगळा दर-आलेख पाच वर्षं उजवीकडे सरकतो. 'घसरण २००१ नंतर सुरू झाली' की 'नव्वदीच्या मध्यापासूनच' अशा वादात मग दोन्ही बाजू चुकीचं वाचत असतात.

नेमक्या १९९१ साठी आधीच्या आणि नंतरच्या दशकांची टोकं जोडा: (९६८.८ − ६२७.८) ÷ २० = १७.०५ लाख प्रति वर्ष. नुसतं मागचं दशक घेतलं तर १६.१५, नुसतं पुढचं घेतलं तर १७.९४. आलेखावर हीच कृती करायची तर हाताने गुळगुळीत वक्र काढून १९९१ ला स्पर्शिका टेकवायची आणि तिच्यावरचे लांबचे दोन बिंदू वाचायचे, जवळचे नाही. दोन सेंमीची स्पर्शिका घेतली तर वाचनातली अर्ध्या मिमीची चूकही चढात मोठी दिसते. ही टोकं जोडायची रीत दोन्ही बाजूंची अंतरं समान असतील तरच नीट चालते. २०११ साठी मागे १० आणि पुढे १६ वर्षं असणार. तिथे दोन्ही बाजूंचे दर वेगळे काढून जवळच्या बाजूला जास्त वजन द्यावं लागेल: मागच्या दराला २६ पैकी १६, पुढच्याला २६ पैकी १०.

---

घाटमाथा

उणे दराचं उदाहरण पाठात नक्की घ्या. 'वाढीचा दर घटला' म्हणजे 'लोकसंख्या घटली' असं मोठी माणसंही वाचतात. केरळचा दर २६ वरून ५ टक्क्यांवर आला तरी प्रत्येक दशकात माणसं वाढलीच. खरी घट दाखवायला आपलेच जिल्हे आहेत, २००१ ते २०११:

रत्नागिरी: १६,९६,७७७ → १६,१५,०६९, वजा ४.८२ टक्के
सिंधुदुर्ग: ८,६८,८२५ → ८,४९,६५१, वजा २.२१ टक्के
मुंबई शहर: ३३,३८,०३१ → ३०,८५,४११, वजा ७.५७ टक्के
ठाणे: ८१,३१,८४९ → १,१०,६०,१४८, अधिक ३६.०१ टक्के
पुणे: ७२,३२,५५५ → ९४,२९,४०८, अधिक ३०.३७ टक्के

साध्या आलेखावर रत्नागिरीची रेघ खाली उतरते. केरळची रेघ चढतच राहते, चढण तेवढी मंदावते. दोन्ही शेजारी काढायला लावलं की मुलं दर आणि दरातला बदल यांची गल्लत करत नाहीत.

हे आकडे जन्म, मृत्यू आणि स्थलांतर या तिन्हींची बेरीज आहेत. कोकणातून मुंबई-ठाणे-पुण्याकडे जाणारी माणसं आणि मुंबई शहरातून उपनगरांकडे सरकलेली वस्ती यांमुळे एका जिल्ह्याचं उणे दुसऱ्याच्या अधिकमध्ये जातं. म्हणून जिल्ह्याच्या दरावरून जन्मदराबद्दल निष्कर्ष काढू देऊ नका.

---

सांगलीकर

जिल्हे घेताना हद्दी पाहा. सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला झाला, म्हणजे त्या वर्षीच्या जनगणनेच्या संदर्भ दिनांकानंतर दोन महिन्यांनी. १९८१ चा 'रत्नागिरी' अखंड धरला आणि १९९१ चा विभागलेला, तर घसरण कागदावरच तयार होते. गडचिरोली चंद्रपुरातून १९८२ मध्ये निघाला, तिथेही तेच. अधिकृत तक्त्यांत मागचे आकडे बहुधा नव्या हद्दीनुसार जुळवून दिलेले असतात, पण दोन वेगळ्या वर्षांच्या पुस्तिकांतून आकडे उचलले तर ती जुळणी हरवते.

---

वऱ्हाडी_गणित

मग घाटमाथांच्या यादीतला ठाणे २०२७ ला कसा जोडायचा? पालघर वेगळा झाला आहे.

---

सांगलीकर

पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, त्यामुळे १,१०,६०,१४८ हा २०११ चा आकडा अखंड ठाण्याचा आहे. दोन मार्ग आहेत. लांबची मालिका हवी असेल तर २०२७ चे ठाणे आणि पालघर बेरीज करून एकच ओळ ठेवा आणि तिला 'जुना ठाणे जिल्हा' असं नाव द्या. आजच्या जिल्ह्यांची तुलना हवी असेल तर २०११ च्या तालुकावार तक्त्यातून वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या आठ तालुक्यांची बेरीज करा, ती १,१०,६०,१४८ मधून वजा करा. उरतो तो आजचा ठाणे. दोन मार्ग एकाच तक्त्यात मिसळू नका.

---

लघुगणक

पाठाच्या शेवटी सरावाला एक प्रश्न सुचवतो. महाराष्ट्र नुसत्या आलेखातून द्या, केरळ नुसत्या तक्त्यातून, आणि तिसरं एक काल्पनिक राज्य सूत्रातून: लोकसंख्या = २०० + ९ × (१९६१ पासूनची वर्षं), लाखांत. विचारा:

अ) १९८१–९१ मध्ये लाख प्रति वर्ष या मापाने तिघांचा क्रम लावा.
आ) त्याच दशकात टक्केवारीने क्रम लावा.
इ) तिसऱ्या राज्याचा टक्केवारीचा दर वर्षागणिक वाढतो, घटतो की स्थिर राहतो?

(अ) मध्ये महाराष्ट्र १६.२, तिसरं ९, केरळ ३.६. (आ) मध्ये तिसऱ्याचे ३८० वरून ४७०, म्हणजे २३.७ टक्के, महाराष्ट्र २५.७, केरळ १४.३. क्रम तोच राहिला, पण पहिल्या दोघांमधलं अंतर जवळजवळ मिटलं. हेच १९६१–७१ साठी विचारलं तर तिसरं राज्य २०० वरून २९०, म्हणजे ४५ टक्के, आणि ते टक्केवारीत महाराष्ट्राच्या पुढे जातं. लाखांत मात्र १०.९ विरुद्ध ९ असं मागेच राहतं. (इ) चं उत्तर घटतो. सरळ रेघ, चढ कायम, तरी टक्केवारी उतरती. काही मुलं 'सरळ रेघ म्हणजे दर स्थिर' असं लिहून थांबतील. त्यांना 'कोणता दर?' एवढंच विचारायचं.

आणि टक्केवाऱ्यांची बेरीज करणारेही निघतील. पाच दशकांच्या टक्केवाऱ्या मिळवल्या तर महाराष्ट्राचे ११६.४ होतात, प्रत्यक्ष वाढ १८४.१ टक्के आहे. १.२७४५ × १.२४५४ × १.२५७३ × १.२२७३ × १.१६०० असा गुणाकार करून २.८४ येतात का ते फळ्यावर पडताळून घ्या.

---

वऱ्हाडी_गणित

वाचनखूण साठवली. तक्त्यात संदर्भ दिनांक आणि वार्षिक दराचे दोन रकाने वाढवते, लॉगचे आकडे वेगळ्या पानावर देते आणि मुद्रणासाठी फाइल याच धाग्यात टाकते. कोनाच्या कृतीसाठी दोन प्रमाणांचे कोरे कागद आखून ठेवायचे का, की मुलांकडूनच आखून घ्यावेत?

---

मोजपट्टी

मुलांकडूनच. अर्ध्या वर्गाला १ सेंमी = १०० लाख, अर्ध्याला १ सेंमी = ५० लाख द्या. दुसऱ्या गटाला उभे साडेबावीस सेंमी लागतात, कागद उभा धरायला सांगा आणि आरंभबिंदू तळाच्या रेघेवरच ठेवायला सांगा, नाहीतर २०११ चा बिंदू कागदाबाहेर जाईल.